वन्संची सक्शन लाइन

लग्न होऊन मी या घरात आले, तेव्हा यांनी मला एकच गोष्ट बजावली होती. "बारकीसमोर काहीही बोल, फक्त 'पंप पाणी ओढतो' असं म्हणू नकोस." मला वाटलं, चेष्टा करताहेत. पंप पाणी ओढत नाही तर काय वारा घालतो? पण पहिल्याच आठवड्यात गच्चीवरच्या टाकीत पाणी चढेना, आणि मी सहज बोलून गेले, "पंप पाणी ओढत नाहीये वाटतं."

बारकी म्हणजे यांची धाकटी बहीण. वयानं माझ्याहून लहान, पण उंचीनं आणि आवाजानं इतकी मोठी की मी तिला पहिल्या दिवसापासून गमतीनं 'वन्सं' आणि 'तुम्ही' म्हणायला लागले, आणि तेच कायमचं चिकटलं. वन्संनी हातातला कप खाली ठेवला, स्वयंपाकघरातून पाण्याचा ग्लास आणि सरबत प्यायची नळी आणली, आणि केसांतली पिन काढून नळीला वरच्या बाजूला एक भोक पाडलं.

"ओढ आता."

मी ओढलं. तोंडात नुसती हवा आली.

"आता भोकावर बोट ठेव आणि ओढ."

पाणी आलं.

"वहिनी, तू पाणी ओढत नाहीस. तू फक्त तोंडातली जागा रिकामी करतेस. बाहेरची हवा ग्लासातल्या पाण्यावर रेटा देते आणि ते वर येतं. पंपाचंही तसंच. पुढं ढकलायला तो वाघ आहे, पण पाणी त्याच्या तोंडाशी आयतं आणून द्यावं लागतं. ते आणून देणारा पाइप म्हणजे सक्शन लाइन. ती नीट आखायची, हे माझं काम."

एवढं बोलून त्यांनी उरलेलं पाणी पिऊन टाकलं आणि आमच्या पाइपाचं भोक शोधायला खाली पंपापाशी गेल्या. खरंच एका जोडातून हवा आत जात होती.

वन्संचं ऑफिस चपलांच्या दुकानाच्या वर, तिसऱ्या मजल्यावर. कारखान्यांचे पाइप कुठून कुठं जावेत याचे नकाशे तिथं काढत. पंपातून पुढं जाणारा पाइप कुणीही हौसेनं काढी, पण पंपाकडं येणारा पाइप आला की सगळे मान वळवून वन्संच्या टेबलाकडं बघत. कारण पुढचा पाइप वाकडातिकडा असला तर थोडी वीज जास्त जाते. मागचा चुकला तर पंपच बोंबलतो. वन्संना ते काम मनापासून आवडायचं. पोहण्याच्या तलावावर गेलो तर या पोहण्याऐवजी तिथल्या माणसाला म्हणणार, "पंपाची खोली जरा दाखवता का?" एकदा त्यांना बघायला एक स्थळ आलं होतं. मुलानं विचारलं, तुम्ही नेमकं काय करता? वन्संनी कागदी रुमालावर टाकी काढली, पंप काढला, मधला पाइप काढला, आणि पाइपाला मध्येच उंचवटा आला तर तिथं हवा कशी साठून बसते ते समजावलं. रुमाल संपला म्हणून दुसरा घेतला. मुलगा गेला तो गेलाच. वन्सं म्हणाल्या, "रुमाल तरी न्यायचा."

पस्तिशी ओलांडली तेव्हा घरानं तो विषय सोडून दिला. वन्संनी तर तो कधी धरलाच नव्हता.

मग ते धुलाईघराचं काम आलं. दवाखान्यांच्या आणि हॉटेलांच्या चादरी धुणारं भलंमोठं धुलाईघर, नवीनच बांधायचं होतं. तिथं कढत पाणी लागणार, आणि कढत पाणी म्हणजे वन्संच्या मते सगळ्यात नाठाळ गिऱ्हाईक. ते उकळायला टपलेलंच असतं. सक्शन लाइनमध्ये त्याच्यावरचा दाब जरा कमी झाला की आतल्या आत उकळून बुडबुडे होतात, आणि ते बुडबुडे पंपात जाऊन फुटले की पंपाच्या पात्यांना खड्डे पडतात. त्यासाठी टाकी उंच, पंप तिच्या पायाशी, मधला पाइप आखूड, जाड आणि सरळ, हे वन्संचं ठरलेलं.

इमारतीच्या आर्किटेक्टचं काहीतरी वेगळंच ठरलेलं. वन्संना जिथं टाकी आणि पंप हवे होते, नेमकी तिथंच, रस्त्याच्या बाजूला, त्यांनी मोठी काचेची भिंत काढली होती. येणाऱ्याजाणाऱ्याला आतली पांढरीशुभ्र स्वच्छता दिसावी म्हणून. टाकी मागं, आणि पंप कुठं? तर पार पलीकडं, जिन्याखाली. पाइप जाणार भिंतीच्या कडेकडेनं, तुळईवरून उडी मारून, कोपऱ्याकोपऱ्यात वळत. वन्संनी नकाशा परत पाठवला. त्यांनी तो पुन्हा पाठवला, पाइप आणखी आत ढकलून. प्रत्येक नकाशावर त्यांच्या सुंदर अक्षरात एकच सूचना असे: पाइप दिसू नयेत.

"काय माणूस आहे!" वन्सं जेवताना म्हणत. "सगळं लपवायचं. आर्किटेक्ट कसला, लपवे आहे लपवे!"

तेव्हापासून घरात त्यांचं नाव लपवे पडलं. आज लपव्यांनी काय केलं, लपव्यांचा फोन आला, लपवे ऐकतच नाहीत. माझे सासरे छापखान्यात मुद्रितशोधक होते. निवृत्त झाल्यावरही लाल पेन्सिल घेऊनच वर्तमानपत्र वाचायचे, आणि कान जरा कमी असल्यामुळं घरातलं निम्मंच बोलणं त्यांच्यापर्यंत पोचायचं. हे निम्मं मात्र नीट पोचलं होतं.

कागदावर भांडून काही होत नाही असं दिसल्यावर वन्संनी वेगळीच टूम काढली. "त्यांना पाइप म्हणजे दोरी वाटते. हवी तशी वळवा. एकदा खऱ्या मापाचा डोळ्यांसमोर आला पाहिजे." आणि त्यांनी कापडाच्या ठोक दुकानातून पुठ्ठ्याच्या जाडजूड नळ्या आणल्या, मधे खाचा देऊन त्यांची वळणं बनवली, आणि एका रविवारी सकाळी आमच्या घरात लपव्यांची सक्शन लाइन मांडली.

न्हाणीघरातला पिंप म्हणजे टाकी. तिथून पाइप निघाला तो बोळातून, माझ्या कपाटावरून चढून, पलीकडं उतरून, बैठकीच्या खोलीत दोन वळणं घेऊन जेवणाच्या टेबलाखाली शिरला. टेबल म्हणजे जिना. बिस्किटांच्या डब्यात माझी चाळणी बसवली, तो स्ट्रेनर. म्हणजे पंपाआधी कचरा अडवणारी गाळणी. आणि टेबलाच्या कडेला सासऱ्यांची खुर्ची, तो पंप. सासरे खुर्चीतून उठायला तयारच नव्हते, म्हणून त्यांच्यासकट पंप.

मला स्वयंपाकघरात जायचं तर पाइपावरून ढांग टाकून जावं लागत होतं. यांनी तर सकाळपासून बाहेरच राहणं पसंत केलं.

ठरल्या वेळी आर्किटेक्ट आले. राखी कोट, तुळतुळीत बूट, हातात नकाशाची गुंडाळी. दारात उभं राहून त्यांनी सगळ्या घरातून फिरलेला तो अजगर पाहिला. सासऱ्यांनी खुर्चीतूनच हात उंचावला.

"या, या, लपवेसाहेब! मला उठता येत नाही, माफ करा. मी पंप आहे."

मी ओठ चावले. वन्सं कानापर्यंत लाल झाल्या. पाहुणे क्षणभर गोंधळले, मग वन्संकडं बघितलं, आणि सगळं उमगल्यासारखे हसले. "हरकत नाही," म्हणाले, "याहून वाईट नावं आहेत मला."

वन्संनी स्वतःला सावरलं. "या पाइपात अमुक इतकी वळणं आहेत, हे मी सांगत बसत नाही. तुम्ही फक्त एक काम करा. धुलाईघरातला माणूस आठवड्यातून एकदा ही गाळणी काढून साफ करणार. तेवढी काढून दाखवा."

त्यांनी कोट काढून माझ्या हातात दिला आणि टेबलाखाली शिरले. आधी नुसती खुडबुड ऐकू आली. मग डोकं आपटल्याचा आवाज. चाळणी वर काढायला वर जागा हवी, आणि वर तर जिना! आडवी ओढायला गेले तर वळण आडवं आलं. जोर लावला तशी पुठ्ठ्याची नळी निसटून सासऱ्यांच्या पोटावर आली.

"सावकाश," सासरे म्हणाले. "पंपाला लागतंय."

"पंपाला लागतंय हे अगदी बरोबर बोललात, बाबा," वन्सं म्हणाल्या. "पाइपाचं ओझं पंपाच्या तोंडावर येऊ द्यायचं नसतं."

टेबलाखालची खुडबुड थांबली. मला वाटलं, रागावले. पण पाहुणे तिथंच मांडी घालून बसले होते, गुडघ्यांवर माझ्या घरातली धूळ घेऊन. मग त्यांनी डोकं बाहेर काढून विचारलं, "तुमच्या पद्धतीनं मांडला तर कसा दिसतो?"

मग तिघांनी मिळून सगळं उचकटलं. सासऱ्यांना खुर्चीसकट न्हाणीघराच्या दाराशी नेऊन ठेवलं. "हलवण्याआधी पंपाला विचारायची पद्धत आहे," ते कुरकुरले, पण गेले. पिंप स्टुलावर चढवला. त्यातून एकच सरळ नळी थेट खुर्चीकडं. गाळणीभोवती मोकळी जागा. मीसुद्धा ती सहज उचलून दाखवली. एक बंद पडला तर हाताशी असावा म्हणून दुसरा पंपही होता, त्याच्यासाठी शेजारी आणखी एक खुर्ची आणि तशीच दुसरी नळी.

आर्किटेक्ट मागं मागं सरकत पार दारापर्यंत गेले आणि एक डोळा मिटून बघत राहिले.

"हे दोन जोडीनं, एका उंचीवर, एका ओळीत..." ते पुटपुटले. "नीट रंग दिला तर... काचेमागं ठेवले तर?"

"काय?" वन्सं म्हणाल्या.

"लपवायचं कशाला? दाखवू की! चादरी काय, कुठंही दिसतात. असे पंप रस्त्यावरच्या माणसाला कधी बघायला मिळतात?"

वन्संही दारापर्यंत गेल्या आणि त्यांच्यासारखाच एक डोळा मिटून बघायला लागल्या. पाइप दिसतो कसा, हे त्यांनी बघितल्याचं वीस वर्षांत मी पहिल्यांदाच पाहिलं.

धुलाईघराच्या मालकीणबाईंना कल्पना एकदम पसंत पडली. वन्संच्या वाट्याला मात्र नवी डोकेदुखी आली. आता आर्किटेक्टना दोन्ही पाइप अगदी समांतर हवे, व्हॉल्व्हची चाकं एका उंचीवर हवीत, आधाराचे खांब सारखे हवेत. "हा काय दागिना आहे का?" असं म्हणत वन्संनी नव्यानं आखणी केली. चार दिवसांनी जेवताना हळूच म्हणाल्या, "खांब सारखे केले तर काम सोपंच होतंय. चाकंही हाताला नीट येताहेत." मग पाणी प्यायल्या आणि म्हणाल्या, "त्यांना सांगू नका कुणी."

पंप सुरू करायच्या दिवशी मलाही नेलं होतं. काचेच्या भिंतीमागं दोन निळेशार पंप, वर चकचकीत टाकी. मालकीणबाई, त्यांची माणसं, पाइप जोडणारे म्हातारे फिटरकाका, सगळे जमले. काकांनी पहिल्या पंपाचं बटण दाबलं. पंप गुरगुरला, आणि मग असा कडकडायला लागला, जणू कुणी त्याच्या पोटात खडी भरून घुसळतंय.

काकांनी घाईघाईनं बंद केला. वन्संचा चेहरा पांढराफटक पडला. त्यांनी पंपाच्या तोंडाजवळच्या दाबाच्या काट्याकडं बघितलं, खिशातून कागद काढून उभ्या उभ्याच आकडे तपासायला लागल्या. गाळणी उघडली, स्वच्छ होती. पुन्हा आकडे.

"माझंच चुकलं असणार," त्या म्हणाल्या. "पाणी याच्यापर्यंत पुरेसं पोचतच नाहीये. पाइप जाड घ्यायला हवा होता."

"दुसरा सुरू करून बघा ना," आर्किटेक्ट म्हणाले.

"काय उपयोग? दोन्ही लाइनी हुबेहूब आहेत. तुम्हालाच तशा हव्या होत्या ना! जो आजार याला, तोच त्याला."

"तरी पण."

वन्संनी खांदे उडवले. काकांनी दुसरं बटण दाबलं. पंप फिरला. इतका शांत, की काकांनी तो फिरतोय का ते बघायला हात लावून पाहिला.

वन्सं दोन पंपांकडं आळीपाळीनं बघत राहिल्या, आणि त्यांचा चेहरा हळूहळू उजळला. "हुबेहूब असून एक गातो आणि एक रडतो! म्हणजे आखणीत चूक नाही. या पहिल्या पाइपातच काहीतरी अडकलंय. काका, टाकीकडचा जोड उघडा!"

पाणी सोडून, बोल्ट काढून जोड उघडेपर्यंत सगळे तिथंच उभे. आत सापडली एक पिवळी प्लास्टिकची चकती. टाकी कारखान्यातून आली तेव्हा तोंडात धूळ जाऊ नये म्हणून लावलेलं झाकण. जोडताना ते काढायचं राहिलं होतं. कढत पाण्यानं मऊ होऊन एका कडेला फाटलं होतं आणि बिचारं पाणी त्या फटीतून वाट काढत होतं. फिटरकाकांनी कपाळावर हात मारून घेतला. "माझे केस पांढरे झाले या कामात, आणि झाकण राहिलं!"

"काका, मी मघाशी मनातल्या मनात नोकरी सोडली होती," वन्सं म्हणाल्या, "तुम्ही झाकणाचं काय घेऊन बसलात!" आणि त्या अशा खदखदून हसल्या की काकांनाही हसू फुटलं. आर्किटेक्ट हसत नव्हते. ते नुसते वन्संकडं बघत होते. ते मी पाहिलं. मी औषधांच्या दुकानात काम करते. गिऱ्हाईक तोंड उघडायच्या आधीच त्याचं दुखणं ओळखायची मला सवय आहे.

पुढच्याच सोमवारी ते दुकानात आले. खोकल्याच्या गोळ्या हव्या होत्या. गुरुवारी पुन्हा गोळ्या. शनिवारी पुन्हा.

"तुम्हाला खोकला आहे कुठं?" मी विचारलं.

"नाही," त्यांनी कबूल केलं. "तुम्हाला काहीतरी विचारायचंय, आणि काही न घेता उभं राहणं बरं दिसत नाही."

"मग मला कशाला विचारता? त्यांनाच विचारा. गोळ्या परत घेत नाही आम्ही."

त्यांनी विचारलं. वन्सं त्या संध्याकाळी घरी येऊन गच्चीवर जाऊन बसल्या. मी चहा घेऊन गेले. "वहिनी, मी आज इथं तर उद्या तिथं," त्या म्हणाल्या. "कुठल्या कारखान्यातून कधी बोलावणं येईल, नेम नाही. आणि भांडते किती!"

"ते तुमच्याशी भांडूनच इथवर आलेत, वन्सं. त्यांना नवीन काय कळणार आहे?"

विचार करून सांगते, असं म्हणून त्या एका कागद कारखान्याच्या कामावर निघून गेल्या. फिटरकाका बरोबर होते, म्हणून पुढचं मला कळलं. तिथल्या पंपांच्या खोलीतच टेलिफोन होता. जेवणाच्या सुट्टीत वन्संनी फोन लावला. पंप चालूच. पलीकडं आर्किटेक्टना काही ऐकू येईना.

"हो म्हणतेय!" वन्सं म्हणाल्या.

"काय?"

"हो! हो म्हणतेय!"

"कोण येतेय?"

शेवटी वन्संनी असा आवाज काढला की तीन पंपांच्या वर चढला: "अहो, लग्नाला हो म्हणतेय मी! हो!" नेमकं त्याच वेळी पंपांची पाळी बदलायला म्हणून कामगारांनी चालू पंप बंद केले. सगळ्या खोलीत तो 'हो' घुमला. माणसं डबे बाजूला ठेवून टाळ्या वाजवायला लागली. पलीकडं आर्किटेक्ट विचारत होते, "हा आवाज कसला?"

लग्न नोंदणी कचेरीत झालं. साक्षीदार म्हणून फिटरकाका आणि मालकीणबाई. मालकीणबाईंनी भेट म्हणून कडक इस्त्रीच्या इतक्या चादरी पाठवल्या, की आम्ही दोन्ही घरांनी मिळून वापरल्या तरी संपायचं नाव नाही. दोघं दोन गल्ल्या सोडून राहतात. स्वयंपाक ते करतात, आणि झकास करतात. दर रविवारी आमच्याकडं येतात, आणि जेवण झालं की माझ्या टेबलावर नकाशा पसरून भांडतात. सासरे त्यातल्या अक्षरांच्या चुका लाल पेन्सिलीनं दुरुस्त करतात.

परवा असंच एका औषधाच्या कारखान्याच्या कामावरून जुंपली होती. पंपाआधीचा व्हॉल्व्ह कुठं घ्यायचा? ते म्हणत उंचावर, म्हणजे चालायला वाट मोकळी. वन्सं म्हणत खाली. मी ताटं उचलत होते.

"वहिनी, तुला काय वाटतं?" वन्संनी विचारलं. "औषधांतलं तुला कळतं."

"मला पाइपातलं कळत नाही. पण तिथं माझ्याएवढ्या बुटक्या बाया असणार की नाही कामाला? त्यांचा हात पोचेल तिथं ठेवा. स्टूल शोधत कुणी फिरायचं?"

दोघंही माझ्याकडं बघत राहिली. मग वन्संनी मला भिंतीला टेकून उभं केलं, हात वर करायला लावला, आणि मोजपट्टीनं माप घेतलं. नकाशावर व्हॉल्व्ह आता त्या उंचीवर आहे. पुढच्या महिन्यात कारखाना सुरू होतोय, आणि चाक पहिल्यांदा फिरवायला मला बोलावलंय. हे म्हणतात, साडी नको, पदर चाकात अडकेल, सलवार-कमीज घालून जा.